वाचकांचे प्रश्न : संयुक्त राष्ट्रांचा सरचिटणीस कोण ठरवतं?

अँटोनियो गुटेरेस यांची दुसरी मुदत ३१ डिसेंबर २०२६ रोजी संपते. त्यांच्या जागी कोण येणार, यापेक्षा तो माणूस ठरतो कसा, याबद्दलच जास्त पत्रं आली. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र करून इथे घेतले आहेत.

सरचिटणिसाची निवडणूक आमसभेत होते की सुरक्षा परिषदेत? १९३ देश मत देतात असं बातम्यांत ऐकलं. (मिरज)

नेमणूक आमसभा करते, पण तिथे पोचेपर्यंत निकाल लागून गेलेला असतो. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या ९७व्या कलमात याविषयी जेमतेम एक वाक्य आहे : सुरक्षा परिषदेच्या शिफारशीवरून आमसभा सरचिटणिसाची नेमणूक करील. वय, पात्रता, मुदत, अर्ज कुठे करायचा, यातलं काहीही त्यात नाही. पाच वर्षांची मुदत आणि आणखी पाच वर्षांसाठी फेरनेमणुकीची सोय आली ती आमसभेच्या २४ जानेवारी १९४६ च्या ठरावातून. परिषदेने शक्यतो एकच नाव पाठवावं, ही सूचनाही त्याच ठरावातली, आणि तेव्हापासून एकच नाव येत आलं आहे. (वीस हजार डॉलर निव्वळ पगार आणि तेवढाच आतिथ्यभत्ता हेही त्यातच ठरलं होतं.)

आमसभेच्या नियमांत गुप्त मतदानाची तरतूद आहे. प्रत्यक्षात सदस्य टाळ्या वाजवून नाव मान्य करतात. शिफारस फेटाळण्याचा अधिकार आमसभेला आहे, पण तो तिने आजवर एकदाही वापरलेला नाही. तेव्हा ‘१९३ देशांचं मतदान’ हे वर्णन अगदीच खोटं नाही, पण त्यातून चित्र चुकीचं उभं राहतं.

मग परिषदेत किती मतं लागतात? (नाशिक, डोंबिवली)

पंधरापैकी नऊ, आणि पाच कायम सदस्यांपैकी (अमेरिका, रशिया, चीन, ब्रिटन, फ्रान्स) एकाचाही नकार नको. दुसरी अट पहिलीपेक्षा कितीतरी भारी आहे. १९ नोव्हेंबर १९९६ रोजी तेव्हाचे सरचिटणीस बुट्रोस बुट्रोस-घाली यांच्या फेरनिवडीच्या बाजूने चौदा मतं पडली आणि विरोधात एकच, अमेरिकेचं. घाली यांची दुसरी मुदत हुकली.

कायम सदस्य तटस्थ राहिला तर तो नकाराधिकार धरत नाहीत. सनदेच्या २७व्या कलमाची भाषा वाचून अनेकांचा इथे गोंधळ होतो, कारण तिथे कायम सदस्यांची ‘सहमतीची मतं’ मागितली आहेत. तटस्थता म्हणजे अडवणूक नव्हे, असा प्रघात सुरुवातीपासून पडला आणि आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९७१ मध्ये नामिबियाविषयीच्या सल्लागार मतात तो ग्राह्य धरला.

‘स्ट्रॉ पोल’ म्हणजे काय? त्यात जास्त मतं मिळवणारा जिंकतो का? (कोल्हापूर, मडगाव, ठाणे)

सर्वाधिक पत्रं याच प्रश्नाची आहेत, आणि बातम्यांतल्या चुकाही इथेच सर्वाधिक होतात.

स्ट्रॉ पोल ही कलचाचणी. औपचारिक मतदानात कुणाला तोंडावर नाकारावं लागू नये म्हणून बंद दाराआड ती घेतात. तिची गरज भासली ती १९८१ च्या कोंडीत. तेव्हाचे सरचिटणीस कुर्ट वाल्डहाइम यांना तिसरी मुदत हवी होती आणि चीनने त्यांना १६ वेळा अडवलं. समोर टांझानियाचे सलीम अहमद सलीम होते, त्यांना अमेरिका फेरीमागून फेरी अडवत राहिली. डिसेंबरमध्ये परिषदेचं अध्यक्षपद युगांडाकडे आलं. त्यांचे प्रतिनिधी ओलारा ओटुन्नू अवघे ३१ वर्षांचे होते. त्यांनी दोघांनाही बाजूला व्हायला राजी केलं आणि उरलेल्या नावांपैकी कायम सदस्यांना कोण चालणार नाही, हे अनौपचारिक चाचणीतून काढून घेतलं. त्यातून पेरूचे हाविएर पेरेझ द क्वेयार निवडून आले. पुढे नोव्हेंबर १९९६ मध्ये परिषदेचे अध्यक्ष असलेले इंडोनेशियाचे नुग्रोहो विस्नुमुर्ती यांनी ही रीत लिहून काढली. त्या टिपणाला आजही त्यांच्याच नावाने ओळखतात.

मतपत्रिकेवर प्रत्येक उमेदवाराच्या नावापुढे तीन रकाने असतात : प्रोत्साहन, नापसंती, मत नाही. एका देशाने एकाच उमेदवाराला पसंती द्यायची, असं बंधन नाही. दहा उमेदवार असतील तर दहाही जणांना प्रोत्साहन देता येतं. म्हणून सगळ्यांची प्रोत्साहनाची मतं मिळवून पंधरा यावीत, अशी अपेक्षा धरू नये. तशी बेरीज करून ‘आकडे जुळत नाहीत’ असं लिहिणारी दोन पत्रं आली आहेत. प्रत्येक उमेदवाराचे तीन रकाने मिळून पंधरा होतात, एवढंच तपासायचं.

सुरुवातीच्या फेऱ्यांत सगळ्यांच्या मतपत्रिका सारख्याच असतात, त्यामुळे नापसंती कुणाची हे कळत नाही. पुढची फेरी रंगीत पत्रिकांची. २०१६ मध्ये कायम सदस्यांना लाल आणि निवडून आलेल्या दहा सदस्यांना पांढऱ्या पत्रिका दिल्या होत्या. लाल पत्रिकेवर नापसंतीची खूण दिसली की तिला कायद्याने नकाराधिकार म्हणत नाहीत, पण त्या उमेदवाराने सामान आवरायला हरकत नसते.

२०१६ मध्ये अशा सहा फेऱ्या झाल्या. २१ जुलैच्या पहिल्या फेरीत गुटेरेस यांना १२ प्रोत्साहन, ० नापसंती, ३ ‘मत नाही’ असा कौल मिळाला. दुसऱ्या क्रमांकावर स्लोव्हेनियाचे डॅनिलो टुर्क होते : ११, २, २. प्रोत्साहनाच्या रकान्यात फरक एका मताचा, म्हणून अनेकांनी ‘चुरस’ असं लिहिलं. वाचायला हवा होता तो मधला आकडा. शून्य आणि दोन यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, कारण त्या दोनांत एक जरी कायम सदस्य असला तरी खेळ खलास. ५ ऑक्टोबरला लाल पत्रिका निघाल्या तेव्हा गुटेरेस १३-०-२ वर होते आणि कायम सदस्यांपैकी चौघांचं प्रोत्साहन, एकाचं ‘मत नाही’ होतं. टुर्क ५-८-२ वर घसरले. नापसंतीची लाल पत्रिका न मिळालेले गुटेरेस एकटेच. दुसऱ्या दिवशी परिषदेने ठराव केला, १३ ऑक्टोबरला आमसभेने नेमणूक केली.

तेव्हा आकडे हाती आले की आधी नापसंती पाहा, मग त्यातल्या लाल किती ते पाहा, आणि शेवटी प्रोत्साहन किमान नऊ आहे ना ते पाहा. क्रमवारी लावून देणारे तक्ते उलट्या टोकाने सुरू होतात.

शशी थरूर खरंच दुसरे आले होते का? (पुणे)

आकड्यांच्या क्रमाने, हो. २ ऑक्टोबर २००६ च्या चौथ्या चाचणीत दक्षिण कोरियाचे बान की-मून यांना १४ प्रोत्साहन आणि एक ‘मत नाही’, तर थरूर यांना १० प्रोत्साहन, ३ नापसंती, २ ‘मत नाही’ मिळालं. तीन नापसंतींपैकी एक कायम सदस्याची होती. ते मत अमेरिकेचं होतं, हे थरूर यांनी नंतर स्वतः लिहिलं आहे. त्यांनी त्याच दिवशी माघार घेतली. त्यामुळे ‘थोडक्यात हुकलं’ हे आपल्याकडे रूढ झालेलं वर्णन आम्हाला पटत नाही. त्या एका मतासमोर दहाची चौदा होऊनही उपयोग नव्हता. घाली यांचं उदाहरण वर आलंच आहे.

२०२६ च्या निवडीत भारताचं मत किती वजनाचं? (सोलापूर)

कलचाचणीत शून्य. २०२६ साली भारत परिषदेत नाही. कायम पाचांखेरीज डेन्मार्क, ग्रीस, पाकिस्तान, पनामा, सोमालिया, बहरीन, कोलंबिया, काँगो लोकशाही प्रजासत्ताक (किन्शासा), लाटव्हिया आणि लायबेरिया हे दहा सदस्य आहेत. थरूर लढले तेव्हा, २००६ मध्येही भारत बाहेरच होता. बाहेरचे देश उमेदवाराचं नाव पाठवू शकतात, आमसभेच्या संवादात प्रश्न विचारू शकतात आणि राजधान्यांतून शब्द टाकू शकतात. मतपत्रिका मात्र हाती येत नाही.

अर्ज कोण करू शकतं? सामान्य नागरिक उभा राहू शकतो का? (अमरावती)

सनदेत मनाई नाही, पण सदस्य देशाने पत्र दिल्याशिवाय नाव यादीत येत नाही. २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांतच नोकरी करणाऱ्या भारतीय वंशाच्या एका तरुणीने उमेदवारी जाहीर केली होती. एकाही देशाने तिचं नाव पाठवलं नाही, आणि गुटेरेस बिनविरोध पुन्हा आले.

आजची पद्धत आमसभेच्या २०१५ च्या ठरावातून आली. परिषदेचे आणि आमसभेचे अध्यक्ष संयुक्त पत्र काढून नावं मागवतात. उमेदवाराने जीवनवृत्तान्त आणि आपली भूमिका सांगणारं निवेदन द्यायचं, मग आमसभेत खुल्या संवादाला सामोरं जायचं. प्रचाराचा पैसा कुठून आला हेही आता विचारलं जातं. पूर्वी उमेदवारांची अधिकृत यादीच नसे, त्या मानाने ही मोठी सुधारणा आहे. मात्र चांगला संवाद केला म्हणून लाल पत्रिका बदलली, असं दाखवता येणार नाही.

उशिरा उतरण्याचा धोकाही लक्षात घ्यावा. बल्गेरियाने २०१६ मध्ये आधी इरिना बोकोवा यांना उभं केलं आणि २८ सप्टेंबरला, पाच फेऱ्या उलटल्यावर, पाठिंबा क्रिस्टालिना जॉर्जिएवा यांच्याकडे वळवला. बोकोवा हटल्या नाहीत. एकाच देशाच्या दोन उमेदवार शेवटच्या फेरीत राहिल्या आणि दोघीही पडल्या.

आता कोणत्या खंडाची पाळी? स्त्री सरचिटणीस होणार का? (रत्नागिरी, इंदूर)

पाळी हा प्रघात, नियम नाही. आजवरच्या नऊ जणांत पश्चिम युरोपचे चार (नॉर्वे, स्वीडन, ऑस्ट्रिया, पोर्तुगाल), आशियाचे दोन (ब्रह्मदेश, दक्षिण कोरिया), आफ्रिकेचे दोन (इजिप्त, घाना) आणि लॅटिन अमेरिकेचा एक (पेरू). पूर्व युरोपचा एकही नाही. २०१६ मध्ये ‘पाळी पूर्व युरोपची’ असं सगळे म्हणत होते आणि झाले पोर्तुगालचे. २०२६ साठी लॅटिन अमेरिकेचा दावा जोरात आहे, तो याच कसोटीवर तोलावा. कायम पाच देशांचा नागरिक या पदावर बसत नाही, हा संकेत मात्र कधी मोडलेला नाही.

नऊही पुरुष आहेत. २०१६ मध्ये तेरा उमेदवारांपैकी सात स्त्रिया होत्या, तरीही. स्त्रियांची नावं पाठवण्याचं आवाहन संयुक्त पत्रात केलेलं असतं, पण परिषदेवर ते बंधनकारक नाही.

३१ डिसेंबरपर्यंत एकमत झालंच नाही तर? (सातारा)

सनद गप्प आहे. उदाहरणं दोन सापडतात. १९५० मध्ये सोव्हिएत संघाने पहिले सरचिटणीस ट्रिग्वे ली यांची फेरनिवड अडवली, तर अमेरिका दुसऱ्या कुणालाही मान्यता द्यायला तयार नव्हती. तेव्हा आमसभेने १ नोव्हेंबर १९५० रोजी परिषदेच्या शिफारशीविना ४६ विरुद्ध ५ मतांनी ली यांची मुदत तीन वर्षांनी वाढवली. कायद्याच्या दृष्टीने हे लंगडंच होतं, आणि त्याची किंमत ली यांनी मोजली. सोव्हिएत गटाने त्यांना सरचिटणीस मानणंच सोडून दिलं आणि नोव्हेंबर १९५२ मध्ये त्यांनी राजीनामा जाहीर केला. दुसरं उदाहरण १९६१ चं. १८ सप्टेंबरला सरचिटणीस डाग हॅमरशोल्ड विमान अपघातात गेल्यावर ऊ थांट यांना ‘प्रभारी’ म्हणून नेमलं. हंगामी माणूस बसवण्याचा हा मार्ग अधिक सोयीचा, असं आमचं मत.

एवढं करून या पदाला अधिकार किती? (परभणी)

सैन्य नाही, मत नाही, नकाराधिकार नाही. राजकीय हत्यार एकच, ९९वं कलम : जागतिक शांततेला धोका वाटेल अशी बाब सरचिटणीस स्वतःहून परिषदेपुढे आणू शकतो. हॅमरशोल्ड यांनी जुलै १९६० मध्ये काँगोसाठी ते वापरलं. गुटेरेस यांनी ६ डिसेंबर २०२३ रोजी गाझासाठी वापरलं. दोनच दिवसांनी युद्धविरामाच्या ठरावावर मतदान झालं : तेरा बाजूने, ब्रिटन तटस्थ, अमेरिकेचा नकार. परिषदेपुढे विषय आणणं त्यांच्या हाती होतं, पुढचं नव्हतं.

मुदतीआधी सरचिटणिसाला काढता येतं का? (बेळगाव)

तशी तरतूद सनदेत नाही. नाराज देश बहिष्कार घालतात, निधी रोखतात किंवा इस्रायलने २ ऑक्टोबर २०२४ रोजी गुटेरेस यांच्याबाबत केलं तसं देशात यायला बंदी करतात. पदावर त्याचा कायदेशीर परिणाम होत नाही. फेरनेमणुकीची वेळ आली की मात्र होतो.