प्रश्न वाचकांचे : सामायिक स्पेक्ट्रममधली गुप्तता

प्रश्न : परवानाधारकाच्या फ्रिक्वेन्सी पट्ट्यात दुय्यम वापरकर्ता (त्याला अडथळा न आणता तोच पट्टा वापरणारा) म्हणून प्रसारण करण्याचे सिम्युलेशन केले आहे. पॉवर वाढवत गेलो तरी गुप्ततेचा दर (चोरून ऐकणाऱ्याला काही न कळता माहिती पोहोचवण्याचा वेग) एका पातळीवर अडकतो. कोडमध्ये चूक आहे का?

बहुधा नाही. इथे दोन वेगवेगळी छपरे, म्हणजे वरच्या मर्यादा, आहेत आणि आलेखात ती सारखीच दिसतात.

पहिले छप्पर गणितातच आहे. माहिती सिद्धांताचे अभ्यासक ॲरन वायनर यांनी 1975 मध्ये मांडलेल्या प्रारूपात गुप्ततेचा दर म्हणजे आपल्या रिसीव्हरची क्षमता (त्याच्यापर्यंत बिनचूक पोहोचू शकणाऱ्या माहितीचा कमाल वेग) वजा चोरून ऐकणाऱ्याची क्षमता. आपल्याकडे सिग्नल-नॉइज गुणोत्तर (नॉइज म्हणजे नको असलेला गोंगाट) 20 डेसिबल आणि त्याच्याकडे 10 डेसिबल असेल, तर 6.66 वजा 3.46, म्हणजे दर हर्ट्झमागे सेकंदाला 3.2 बिट. आता पॉवर दसपट करा. दोन्ही गुणोत्तरे 10 डेसिबलने वाढतात आणि फरक येतो 3.31. पॉवर कितीही वाढवली तरी तो 3.32 च्या पुढे जात नाही, कारण आपला आवाज ऐकणाऱ्यालाही तितकाच मोठा ऐकू येतो.

दुसरे छप्पर परवानाधारकाचे. त्याच्या रिसीव्हरपाशी चालवून घेतला जाणारा कमाल हस्तक्षेप उणे 100 डीबीएम (1 मिलिवॉटच्या तुलनेत मोजलेली पॉवर) आणि तिथपर्यंतचा पथऱ्हास (वाटेत सिग्नलची होणारी घट) 115 डेसिबल असेल, तर तुम्हाला 15 डीबीएमच्या वर जाता येत नाही. पथऱ्हासाच्या अंदाजात 3 डेसिबलची चूक शक्य असेल, तर 12 वरच थांबा.

कोणते छप्पर लागले ते ओळखण्यासाठी हस्तक्षेपाची मर्यादा तात्पुरती 10 डेसिबलने सैल करून पाहा. दर वर सरकला तर अडचण परवानाधारकाची होती. जागचा हलला नाही तर पहिली.

पहिल्यावर उपाय कृत्रिम नॉइजचा, म्हणजे ऐकणाऱ्याला गोंधळवायला मुद्दाम सोडलेल्या नॉइजचा. चार अँटेना असतील तर एक दिशा आपल्या रिसीव्हरसाठी आणि एक परवानाधारकासाठी नॉइजमुक्त ठेवावी लागते (दोघांकडे प्रत्येकी एकच अँटेना आहे असे धरून). नॉइज सोडायला उरतात दोन. ऐकणाऱ्याकडे तीन अँटेना असतील तर तो या दोन दिशांचा नॉइज पुसून टाकू शकतो. लेखांतल्या देखण्या आलेखांत ऐकणाऱ्याकडे अँटेना कमीच आहेत हे गृहीतक तळटीपेत दडलेले असते. पॉवरची वाटणी सुरुवातीला अर्धी डेटाला, अर्धी नॉइजला ठेवा आणि मग बदलून पाहा. चॅनेलचे (सिग्नलच्या वाटेचे) मोजमाप शिळे झाले की नॉइज दोन्हीकडे झिरपतो. आपल्या रिसीव्हरकडे झिरपला तर दर घटतो, परवानाधारकाकडे झिरपला तर नियमभंग होतो. म्हणून पॉवरची मर्यादा तपासताना डेटा आणि नॉइज यांची बेरीज धरा.

आणि एन्क्रिप्शन काढू नका. वरच्या हिशेबात ऐकणाऱ्याचे 10 डेसिबल आपण गृहीत धरले होते. तो काही स्वतःचे गुणोत्तर कळवायला येत नाही.

प्रश्न : 2.4 गिगाहर्ट्झवर दोन नोड (रेडिओ उपकरणे) टेबलावर ठेवून सिग्नलच्या ताकदीवरून 128 बिटची की (एन्क्रिप्शनची किल्ली) बनवतो. शून्यांच्या आणि एकांच्या लांबच लांब रांगा येतात, शिवाय दोन्हीकडचे बिट जुळत नाहीत.

रांगा येतात कारण टेबलावर चॅनेल बदलतच नाही. एक नोड चालण्याच्या वेगाने, सेकंदाला सुमारे 1.4 मीटर, हलवा. तेव्हा चॅनेल साधारण 38 मिलिसेकंद सारखा राहतो. म्हणजे दोन नमुन्यांत किमान 40 मिलिसेकंद अंतर हवे. मात्र एकाच फेरीतले जाणारे आणि येणारे पॅकेट एक-दोन मिलिसेकंदांच्या आत उरकले पाहिजे.

न जुळण्यामागे बहुतेक वेळा पट्ट्यातला तिसराच कोणी असतो. त्याचा हस्तक्षेप एका नोडपाशी पोहोचतो, दुसऱ्यापाशी नाही, आणि ताकदीच्या आकड्यात तो मिसळून जातो. पायलटवरून (आधीच ठरलेल्या ओळखीच्या सिग्नलवरून) काढलेला चॅनेलचा अंदाज वापरा; ज्या फेरीत पट्टा व्यग्र होता ती फेकून द्या.

सरासरीच्या वर आणि खाली अर्ध्या प्रमाण विचलनावर दोन उंबरठे ठेवा आणि मधले नमुने गाळा. सामान्य वितरण धरले तर 62 टक्के उरतात. चुका दुरुस्त करताना 40 पॅरिटी बिट (जुळणी तपासायला पाठवलेले बिट) उघड झाले तर कच्चे 168 बिट हवेत, म्हणजे सुमारे 272 नमुने आणि 11 सेकंद. शेवटी हॅशने (लांब बिटमाळ आटवणाऱ्या फंक्शनने) ते 128 वर आणा. ‘नोडपासून अर्ध्या तरंगलांबीवर, म्हणजे सहा सेंटीमीटरवर, ऐकणारा आंधळा’ हा भरवसा चहूबाजूंनी परावर्तने असलेल्या खोलीतला. मोकळ्या मैदानात समोरासमोर तो धरू नये.

प्रश्न : आमचे सेन्सर पट्टा सतत व्यग्र दाखवतात. कोणी परवानाधारकाची नक्कल करत असेल का?

असू शकते, पण आधी सेन्सर तपासा. ऊर्जा मोजणाऱ्या सेन्सरला ‘कोणीतरी आहे’ इतकेच कळते, कोण ते नाही. नॉइजची पातळी 1 डेसिबल इकडे-तिकडे होत असेल तर नॉइजच्या तुलनेत उणे 3.3 डेसिबलखालचा सिग्नल कितीही वेळ ऐकला तरी खात्रीने ओळखता येत नाही. अँटेनाच्या जागी 50 ओहमचा टर्मिनेटर (बाहेरचा सिग्नल आत येऊ न देणारे टोपण) लावा. तरीही ‘व्यग्र’ आले तर उंबरठा चुकला आहे.

त्यानंतर सिग्नलमधले पायलट शोधा. तेही नकलता येतात, म्हणून वेगवेगळ्या जागच्या सेन्सरांवरची ताकद परवानाधारकाच्या ज्ञात मनोऱ्याशी जुळते का ते पाहा. पाच सेन्सरांपैकी एकानेही हो म्हटले की पट्टा सोडायचा असा नियम ठेवला असेल, तर एक बिघडलेला किंवा खोटारडा सेन्सर सगळे बंद पाडतो. पाचांपैकी तीन असा नियम केलात तर त्याला दोन साथीदार लागतील. पण दूरचा, क्षीण परवानाधारक निसटण्याचा धोका त्याने वाढतो, तेव्हा प्रत्येक सेन्सरचा उंबरठा थोडा खाली घ्या.