मीटरवर १८० आला, तरी क्रशरविरुद्धचा पुरावा वेगळाच लागेल

प्रश्न : यावल तालुक्यात माझी साडेतीन एकर केळीची बाग आहे. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बांधाला लागून खडी क्रशर सुरू झाला. पानांवर पांढरा थर बसतो, आईचा दमा वाढला आहे. ऑनलाइन मागवलेल्या मीटरवर संध्याकाळी पीएम २.५ चा, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांचा, आकडा १८० पर्यंत जातो. सरकारी मर्यादा ६० आहे. जळगाव केंद्र सरकारच्या स्वच्छ हवा कार्यक्रमातही आहे. तहसीलला दोन अर्ज दिले, एप्रिल अर्धा संपला, काही हललं नाही. या आकड्यांवर क्रशर बंद करता येईल का?

उत्तर : भाऊ, फक्त या आकड्यांवर नाही. तुमची बाजू मात्र भक्कम आहे. ती मीटरपेक्षा क्रशरच्या संमतिपत्रावर, म्हणजे प्रदूषण मंडळाच्या परवानगीवर, उभी करा, आणि जूनच्या आधी करा.

२००९ च्या राष्ट्रीय मानकांतली ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर ही मर्यादा चोवीस तासांच्या सरासरीची आहे. वार्षिक मर्यादा ४०. संध्याकाळच्या दोन तासांचा १८० तिच्याशी ताडून पाहता येत नाही. शिवाय पीएम २.५ चा मोठा वाटा धुराचा असतो. क्रशरवाला म्हणेल, शिवारात पऱ्हाटी (कपाशीच्या काड्या) जळत होती, डंपर धावत होते. तुमच्या पानांवर बसते ती मुख्यतः जाड धूळ, आणि ती हे मीटर मोजतच नाही. जळगाव शहर २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत आहे हे खरं, पण तो शहरासाठीचा कृती आराखडा आहे. तुमच्या बांधावरचा क्रशर त्याने थांबत नाही.

क्रशरसाठी पर्यावरण संरक्षण नियमांत वेगळं मानक आहे : यंत्रापासून ३ ते १० मीटरवर एकूण तरंगती धूळ ६०० मायक्रोग्रॅमच्या आत. त्यासोबत धूळ कोंडणारी आणि दाबणारी यंत्रणा, वारा अडवणारी भिंत, आवारात पक्का रस्ता, नियमित सफाई व पाणी मारणं, कडेने झाडांचा पट्टा या अटी आहेत. भिंत नसेल तर ती फोटोत दिसते, तिला चोवीस तासांची सरासरी लागत नाही. फवारे बसवलेले असतात, पण ओल्या चुरीने चाळणीची जाळी बुजते म्हणून बंद ठेवले जातात. म्हणून फवारे बंद आणि खडी वाहणारा पट्टा चालू, असा तारीख-वेळेसह व्हिडिओ घ्या, स्वतःच्या शेतातूनच.

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर क्रशरचं संमतिपत्र शोधा. सापडलं नाही तर जळगावच्या उपप्रादेशिक कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज टाका. उत्तराची मुदत ३० दिवस. हवा कायदा, १९८१ च्या कलम २१ ची संमतीच नसेल, तर तुमचं काम फार सोपं झालं.

मंडळाकडच्या तक्रारीत नुसतं ‘प्रदूषण होते’ लिहू नका. अधिकारी दुपारी येतो, क्रशर बंद असतो, अहवाल कोरा जातो. चालू राहण्याचे तास लिहा, पूर्ण क्षमतेने चालू असताना पाहणी मागा, आणि नमुना कलम २६ च्या पद्धतीने घ्यावा असं स्पष्ट म्हणा. ती पद्धत पाळली नाही तर अहवाल पुरावा म्हणून टिकत नाही. कलम ३१अ खाली क्रशर बंद करण्याचा आणि वीज तोडण्याचा आदेश मागा. तहसीलपेक्षा हा अर्ज महत्त्वाचा आहे.

आता मुदत. यातच सर्वांत जास्त प्रकरणं बुडतात. राष्ट्रीय हरित लवाद म्हणजे पर्यावरणाचे वाद चालवणारं खास न्यायालय. त्याच्या कायद्याच्या कलम १४ खालचा अर्ज वादाचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिन्यांत करावा लागतो, म्हणजे तुमच्यासाठी जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. पुरेसं कारण दाखवलं तर लवाद आणखी साठ दिवस देऊ शकतो, त्यापुढे नाही. रोज धूळ उडते म्हणून मुदत रोज नव्याने सुरू होईल, या भरवशावर राहू नका. तहसीलच्या अर्जांमुळेही ती थांबत नाही. हवा कायद्याच्या कलम ४३ ची साठ दिवसांची नोटीस लवादासाठी लागत नाही. ती देऊन वाट पाहत बसलात तर हातचे दिवस जातील. तालुक्याच्या दिवाणी कोर्टातला मनाई दावाही टाळा, लवाद कायद्याच्या कलम २९ मुळे तो अधिकारक्षेत्रावरच अडकतो.

अर्ज पुण्याच्या पश्चिम विभागीय खंडपीठाकडे करा. स्वतःही चालवता येतो. भरपाई मागितली नाही तर शुल्क १,००० रुपये. मागितली तर रकमेच्या १ टक्का, किमान १,०००. चार लाखांच्या मागणीला ४,००० रुपये. भरपाईची मुदत कलम १५ प्रमाणे पाच वर्षं आहे, तरी दोन्ही मागण्या एकत्र करा आणि सोबत अंतरिम आदेशाचा अर्ज जोडा.

पिकाच्या नुकसानीचा पंचनामा तलाठी व कृषी सहायकाकडून करून घ्या. त्यात धुळीच्या बाजूच्या आणि दूरच्या, एकाच वेळी लावलेल्या खोडांची तुलना हवी : मृगबागेची (पावसाळ्याच्या सुरुवातीची लागवड) मृगबागेशी, कांदेबागेची (पावसाळ्यानंतरची लागवड) कांदेबागेशी. दोन्हींच्या काटापट्ट्या (वजनाच्या पावत्या) वेगळ्या ठेवा, रास (घडांचं सरासरी वजन) किती कमी बसली ते त्यातूनच सिद्ध होईल. पानं जळगावच्या केळी संशोधन केंद्रात दाखवून लेखी मत मिळालं तर जरूर जोडा.

मीटर फेकू नका. त्याच्या नोंदी आईच्या दवाखान्याच्या कागदांसोबत तारीखवार लावा. ज्या रात्री आकडा चढला त्या रात्री दम लागला, हे दिसलं तर उपचारखर्चाच्या मागणीला आधार मिळतो. आणि आईला क्रशर चालू असताना त्या बाजूच्या खोलीत झोपवू नका.