बोका ठणठणीत आहे हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सातारच्या घरी दीड वर्षाचा बोका आहे, दिवसभर झोपतो, नाक कधी ओलं तर कधी कोरडं. आजी म्हणतात नाक कोरडं म्हणजे अंगात ताप, शेजारचे काका म्हणतात घुरघुरतोय म्हणजे ठणठणीत. खरं कुणाचं मानायचं?

माझ्या मते कुणाचंच नाही. मी सांगलीचा, घरात लहानपणापासून मांजरं आहेत. नाक आणि घुरघुर या दोन्हींवर मी तब्येत ठरवत नाही.

नाक उन्हात झोपलं की कोरडं पडतं, पाणी पिऊन आलं की ओलं होतं. त्यातून वाहत असेल, शिंका येत असतील, खपली धरली असेल तर बघायचं, नुसत्या कोरडेपणाला अर्थ नाही. हात लावून ताप बघण्यातही फसगत होते, कारण मांजराचं नेहमीचं तापमान 100.5 ते 102.5 फॅरनहाइट असतं. आपल्याला ज्या आकड्यावर रजा टाकावीशी वाटते, तो त्याचा रोजचा आकडा. घुरघुरीचं म्हणाल तर मांजर मांडीवर सुखात घुरघुरतं, तसंच दुखत असताना, विताना, अगदी शेवटच्या घटकेलाही घुरघुरतं. झोपेचीही काळजी नको. बारा ते सोळा तास झोप ही मांजराची रीतच आहे. बघायचं ते जागा झाल्यावर तो काय करतो. पाठीची कमान करून आळस देतो, ताटलीचा आवाज आला की कान टवकारतो, नेहमीच्या कपाटावर नेहमीसारखी उडी मारतो, तर झोपू दे.

खरी अडचण अशी की मांजर दुखणं लपवतं. ते स्वतः शिकार करतं, पण त्याच्यापेक्षा मोठ्या जनावराची शिकारही होतं. अशक्त दिसणं त्याला परवडत नाही. आजार आपल्याला दिसायला लागतो तेव्हा बऱ्याचदा तो पुढे गेलेला असतो. म्हणून तुमच्या बोक्याची नेहमीची चाल कोणती ते आधी ध्यानात ठेवा आणि त्यात फरक पडला की दखल घ्या. त्यातल्या त्यात दोन गोष्टींवर माझा सगळ्यात जास्त भरवसा आहे: त्याचं अंग चाटणं आणि त्याचं वाळूचं घमेलं.

निरोगी मांजर जागेपणीचा बराच वेळ स्वतःला चाटण्यात घालवतं. त्याचे केस सपाट, चकचकीत असतात, कोंडा नसतो, अंगाला वास नसतो. पाठीच्या मागच्या बाजूला, शेपटीच्या मुळाशी केस चिकटून गठ्ठे व्हायला लागले तर समजा की त्याचं तोंड तिथवर पोचत नाही. वजन वाढलं असेल, कंबर किंवा सांधे दुखत असतील, नाहीतर दात-हिरड्या दुखत असल्यानं चाटणंच नको झालं असेल. उलट टोकही वाईट. पोटावर टक्कल पडेस्तोवर चाटत असेल तर पिसवा, ॲलर्जी किंवा घरात काहीतरी बदललं म्हणून आलेला ताण, यांपैकी काहीतरी असू शकतं. पिसवा डोळ्याला सापडल्या नाहीत तर उवांची फणी त्याच्या कमरेवरून फिरवा आणि निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर टाका. कणांभोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. साधी धूळ असेल तर तांबडं होत नाही.

आता घमेलं. बोका बाहेर जाऊनच उरकत असेल तर तुमची सगळ्यात मोठी खूण हातातून जाते, म्हणून एक वाळूचं घमेलं किंवा ट्रे घरात असू द्याच. ठीक असलेला बोका दिवसातून साधारण दोन ते चार वेळा शू करतो आणि भिजलेल्या वाळूचे गोळे रोज साधारण सारख्याच आकाराचे असतात. तो पुन्हापुन्हा घमेल्यात बसतोय, कुंथतोय, ओरडतोय, लघवीची जागा सारखी चाटतोय आणि वाळू मात्र कोरडी, हे दिसलं तर बाकी सगळं सोडून निघा. बोक्याची मूत्रनलिका अरुंद असते, त्यात खडे किंवा चिकट गाळ अडकून ती बंद होते. घरच्यांना वाटतं शी अडकली आणि एरंडेल पाजलं जातं. तोवर लघवी तुंबून मूत्रपिंडं बिघडतात, रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि एक-दोन दिवसांत हृदय बंद पडू शकतं. रात्री अकराला कळलं तर रात्री अकरालाच डॉक्टरांना फोन, सकाळची वाट नाही.

उलट गोळे एकदम मोठे झाले, पाण्याची वाटी सारखी रिकामी व्हायला लागली, तर ‘उन्हाळा आहे’ म्हणून सोडून देऊ नका. पाळीव मांजराचा पूर्वज वाळवंटी मुलखातला. कमी पाण्यावर भागवायची त्याच्या मूत्रपिंडांची तयारी असते. वयस्क मांजर ढसाढसा पाणी प्यायला लागलं तर मूत्रपिंडाचा आजार किंवा मधुमेह तपासावा लागतो. तुमचा अजून तरणा आहे, पण लक्षात असू द्या. शी घट्ट, तपकिरी, साधारण रोज एकदा. गुदद्वाराशी पांढरे चपटे कण चिकटलेले दिसले तर ते पट्टकृमीचे तुकडे. ही कृमी बहुतेकदा पिसवांतूनच येते, म्हणून जंताचं औषध आणि पिसवांचा बंदोबस्त बरोबरच करायचा.

खाण्याबद्दल तुम्ही ‘दूध-भाकरी आवडीनं खातो’ असं लिहिलंय. आवडीनं खाणं चांगलंच, पण दूध-भाकरीवर मांजर पोसत नाही. बऱ्याच मोठ्या मांजरांना दूध पचतही नाही, पातळ शी त्यानंच होते. त्यांना टॉरिन नावाचा घटक मांस-मासळीतूनच मिळतो आणि तो कमी पडला की हृदयाचा स्नायू ढिला पडतो, डोळ्यांचा पडदा खराब होतो. हृदयाशी असलेला हा संबंध 1987 मध्ये उघड झाला, त्यानंतर कंपन्यांनी कॅटफूडमध्ये टॉरिन वाढवलं. आपल्याकडे दूधपोळीवर पिढ्यान्‌पिढ्या मांजरं जगली असं कुणी सांगेल. ती माळ्यावरचे उंदीर खात होती, हे सांगणाऱ्याला दिसत नव्हतं. घर शाकाहारी असेल तर निदान तयार कॅटफूड द्या. आणि खाणं पूर्ण बंद होऊन एक दिवस उलटला तर दाखवा. लठ्ठ मांजर उपाशी राहिलं की अंगातली चरबी यकृतात साठून यकृतच निकामी व्हायला लागतं.

लठ्ठ म्हणजे ‘खात्यापित्या घरचा’ नव्हे. हात सपाट पसरा, बोटांच्या मागच्या हाडांवरून दुसरा हात फिरवा. बरगड्या हाताला तेवढ्याच लागल्या पाहिजेत. मुठीच्या टोकदार हाडांसारख्या लागल्या तर बारीक, शोधाव्या लागल्या तर जाड. मागच्या पायांमध्ये लोंबणारी कातडीची झोळी मात्र बऱ्याच मांजरांना असते, ती बघून खाणं तोडू नका. महिन्यातून एकदा त्याला उचलून वजनकाट्यावर उभे राहा आणि आपलं वजन वजा करा. चार किलोच्या बोक्याचं चारशे ग्रॅम उतरणं डोळ्याला कळत नाही, पण तो दहावा हिस्सा असतो.

बाकीचं भराभर. हिरड्या गुलाबी, बोटानं दाबून सोडल्यावर दोन सेकंदांच्या आत रंग परत. पांढऱ्या, पिवळ्या, निळसर हिरड्या म्हणजे दवाखाना. (तांबूस मांजरांच्या ओठांवर काळे ठिपके येतात, ते बहुधा निरुपद्रवी.) डोळे लख्ख, चिपडं नाहीत, आतल्या कोपऱ्यातून पांढरट पडदा वर आलेला नाही. कानात काळपट कोरडी भुकटी नाही. गाढ झोपेत मिनिटाला श्वास तीसच्या आत. कुत्र्यासारखं तोंड उघडून धापा टाकणं मांजरात चांगलं लक्षण नाही.

घरच्या औषधांचं मात्र कडक सांगतो. आम्ही सांगलीकर हळद कशालाही लावतो, बाजारपेठच तिची. पण मांजराच्या खोल जखमेवर लेप दिला की खालचा पू झाकला जातो आणि वर मांजर तो लेप चाटतंच. क्रोसिन किंवा कुठलंही पॅरासिटामॉल कधीच देऊ नका, एक गोळीसुद्धा जिवावर बेतते, कारण ते पचवायची सोय त्यांच्या यकृतात नाही. डेटॉल नको, आणि कुत्र्याच्या गोचिडांचं पर्मेथ्रिनवालं औषध तर मुळीच नको.

अंगानं चांगला दिसतो म्हणून लस टाळू नका. रेबीजची आणि मांजरांची तीन आजारांवरची अशा दोन्ही द्या, तो बाहेर भटकत असेल तर नक्कीच. डॉक्टरांची अडचण मला कळते. आमच्या शेजारी मिरजेत माणसांचे डॉक्टर गल्लोगल्ली, मांजराचा शोधावा लागतो. तुमच्या जिल्ह्यात मात्र शिरवळला, पुण्याच्या रस्त्यावरच, क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. गावातल्या डॉक्टरांना मांजराची सवय नसेल तर तिथं दाखवायचा विचार करा. नेताना पिशवीत कोंबू नका, झाकणाची टोपली घ्या, त्याचं रोजचं फडकं आत घाला आणि निघण्याआधी शीचा ताजा नमुना डबीत घ्या, जंत तपासायला लागतो.