पायूट कटथ्रोट ट्राउट: वेगळी प्रजाती की उपप्रजाती?

हा गोड्या पाण्यातला मासा उपप्रजातीच आहे. १९३३ मध्ये मत्स्यशास्त्रज्ञ स्नायडर यांनी तिला 'साल्मो सेलेनिरिस' हे स्वतंत्र प्रजातीचं नाव दिलं होतं. पुढे ती लाहोंटन कटथ्रोट या दुसऱ्या ट्राउटची जवळची नातलग ठरली आणि पॅसिफिक ट्राउट ऑन्कोरिंकस या वंशात (जीनस) गेल्यावर नाव झालं 'ऑन्कोरिंकस क्लार्काय सेलेनिरिस'. मूळ अधिवास एकच: कॅलिफोर्नियातल्या सिल्व्हर किंग ओढ्याचा लुएलिन धबधब्याखालचा काही मैलांचा भाग.

ओळखताना अंगावरचे ठिपके मोजा, शेपटी आणि परांवरचे सोडून. शुद्ध माशात ते जवळजवळ नसतातच. बरेच दिसले तर संकराचा संशय घ्यावा. इंद्रधनुषी ट्राउट बाहेरून आणून सोडल्यावर तिच्याशी सहज संकर होतो, आणि खरा घात तिथेच झाला. फक्त ठिपक्यांवर मात्र विसंबू नका, खात्रीसाठी जनुकीय तपासणीच हवी.