पेडलं विकू की ठेवू?

प्रश्न : सर, मी चार वर्षं इलेक्ट्रिक गिटार वाजवतोय. बोर्डवर सात पेडलं (पायानं दाबून गिटारचा आवाज बदलणारी यंत्रं) आहेत. घरी आवाज एकदम भरदार येतो, पण बँडबरोबर वाजवायला लागलो की माझी गिटार कुठे जाते तेच कळत नाही. शिकवणारे म्हणतात, टोन बोटांत असतो, ही खेळणी विकून टाक. विकू का?

उत्तर : घाई करू नका. विशीत मीही दर नव्या गाण्याला नवं पेडल शोधायचो. पुढे अंगात सोवळं संचारलं : गिटार, केबल, अ‍ॅम्प, बस्स! पेडलवाला दिसला की नाक मुरडायचं. आता दोन्ही बाजूंच्या तावातावाचा कंटाळा येतो. पिक तारेत किती खोल जातं, तार ब्रिजजवळ छेडली की नेककडे, व्हायब्रॅटो (तार हलवून दिलेला सुराचा कंप) किती रुंद, हे सगळं बोटांतच असतं. त्यात वाद नाही. पण बोटं कितीही तयार झाली तरी त्यांतून डिले, म्हणजे मागाहून येणारा प्रतिध्वनी, निघत नाही. १९६२मध्ये माइस्ट्रो कंपनीनं फझ-टोन हे आवाज फाडून खरखरीत करणारं पेडल काढलं, ते गिटारमधून ब्रासच्या, म्हणजे ट्रम्पेटसारख्या पितळी वाद्यांसारखा आवाज निघेल असं सांगत. १९६५मध्ये रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सनं 'सॅटिस्फॅक्शन'ची धून त्यावर वाजवली, तीही पुढे ब्रास वाजवतील तेव्हा उपयोगी पडावी म्हणून. रेकॉर्डवर फझच राहिला. आता त्या आवाजाला खेळणं कोण म्हणेल?

तुमचा घोटाळा वेगळा आहे. हळू आवाजात आपल्या कानाला खालचे आणि अगदी वरचे स्वर कमी ऐकू येतात. म्हणून घरी माणूस बास (खालचे स्वर) चढवतो, ट्रेबल (वरचे) चढवतो आणि मिड (मधले) खाली ओढतो. खोलीत झकास वाटतं. बँडमध्ये मात्र खालची जागा बास गिटार आणि किक ड्रमनं धरलेली, वरची झांजांनी. तुमच्यासाठी राहिली होती मधली, ती तुम्ही आपल्या हातानं सोडलीत. ट्यूब स्क्रीमर हे ओव्हरड्राइव्ह (आवाज थोडा फाडून तापवणारं) पेडल एवढं का चालतं? ते बास छाटतं आणि साधारण ७०० हर्ट्झच्या आसपासचा भाग पुढे आणतं. एकटं ऐकलं तर नाकात बोलल्यासारखं वाटतं. ड्रमर सुरू झाला की तेच नाक कामाला येतं.

दुसरा संशयित गेन, म्हणजे आवाज फाटेपर्यंत सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारा नॉब. गेन वाढवत गेलात की आवाजाची टोकं कापली जातात, हळू आणि जोरात यांतला फरक बुजतो, पिकचा ठोका सपाट होतो. मग गिटार मोठी असूनही मागे पडते.

पुढच्या सरावाला घरची सेटिंग्ज विसरा. ड्रम चालू असतानाच नॉब फिरवा. गेन निम्म्यावर आणा, मिड वाढवा. मग ओव्हरड्राइव्ह चालूच ठेवून करंगळीनं गिटारचा व्हॉल्यूम १०वरून ६वर आणा. कडव्याला आवाज निवळला आणि ध्रुपदाला १०वर नेताच पुन्हा तापला, तर निदान एक पेडल तरी कमी करता येईल. ज्याचं गाण्यात काय काम आहे ते चटकन सांगता येत नाही, ते विका. माझ्याकडे ट्यूनर, एक ओव्हरड्राइव्ह आणि डिले उरलं आहे. एकाच गिटारच्या अनेक भासवणाऱ्या कोरस पेडलची मात्र अधूनमधून आठवण येते, खोटं कशाला बोलू?

प्रश्न : जुन्या धाटणीचा, जर्मेनियम धातूच्या ट्रान्झिस्टरचा फझ बोर्डवर लावला की चिरका वाजतो. थेट गिटारला जोडला तर छान. पेडल बिघडलंय का?

उत्तर : नाही. त्याच्या आधी बफर (सिग्नलला जोर देणारं सर्किट) असणार, बहुधा ट्यूनरमधलाच. दोन ट्रान्झिस्टरच्या या फझचा इनपुट इम्पिडन्स (आत येणाऱ्या सिग्नलला होणारा विरोध) कमी असतो आणि गिटारच्या पिकअपशी (तारांची थरथर विजेत बदलणाऱ्या भागाशी) थेट गाठ पडली तरच तो नीट वागतो. व्हॉल्यूम कमी केल्यावर निवळण्याचा त्याचा गुणही त्यातच आहे. सगळ्यांत आधी तो, मग ट्यूनर. आणि जर्मेनियम उष्णतेनं बदलतं, त्यामुळे उन्हातल्या कार्यक्रमात तो वेगळा वाजला तर लगेच पेचकस काढू नका. आधी सावलीत ठेवा.