लॅट फाटलाय? आधी नीट निदान होऊ दे

मित्रा, बेसबॉलमध्ये पिचिंग करताना, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकताना, काखेच्या मागे कळ आली असेल तर आधी एमआरआय करून घे. लॅट म्हणजे लॅटिसिमस डॉर्साय हा पाठीचा स्नायू खरा, पण त्याचा टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट पट्टा) दंडाच्या हाडाला जोडलेला असतो. तो हाडापासून सुटलाय की नुसता स्नायू ताणलाय, यावर सगळं ठरतं. ताणला असेल तर बहुतेकदा विश्रांती आणि फिजिओथेरपी पुरते. पूर्ण सुटला असेल तर शस्त्रक्रियेने तो परत हाडाला बसवता येतो. व्हाइट सॉक्स या अमेरिकन बेसबॉल संघाचा पिचर जेक पीव्ही याचा टेंडन जुलै २०१० मध्ये असाच सुटला होता. मे २०११ मध्ये तो पुन्हा पिचिंग करत होता! रोटेटर कफ (खांद्याच्या सांध्याभोवतीचे स्नायू आणि टेंडन) पूर्ण फाटला तर मात्र परतणं खूप अवघड, त्यामुळे दोन्हींची गल्लत करू नकोस. आणि दुखणं थांबलं तरी सर्जनने सांगेपर्यंत चेंडू फेकायचा नाही.