मलिक अंबरची फिगर: रंग चिकट राहायलाय, एम-सील निघून यायलंय, त्यावर

भावा, तुझा प्रश्न असा की जुन्या बाजारातून घेतलेल्या सहा इंची फिगरचा (हातपाय हलणारी प्लास्टिकची बाहुली) मलिक अंबर, म्हणजे अहमदनगरच्या निजामशाहीचा हबशी वजीर, करायला घेतलास, हार्डवेअरच्या दुकानातला स्प्रे मारला तर आठवडा झाला तरी बोटाला चिकटायलाय, खांद्यावर एम-सीलची (दोन भाग मळून लावायचा इपॉक्सी लगदा) बाही केली ती हात वर करताच टपकन निघून आली, आणि चेहरा नुसता काळा ठिक्कर दिसायलाय. तीन वेगळे प्रश्न वाटतात पण दुखणं एकच, तू रंगापासून सुरुवात केलीस. रंग सगळ्यात शेवटी येतो राव. आधी फिगर कशाची बनलीय आणि कुठं कुठं हलते ते बघायचं, अर्धं काम तिथंच आहे.

चिकटपणाचं आधी सांगतो. फिगरचे हात-पाय, डोकं हे बहुतेक मऊ पीव्हीसी प्लास्टिकचं असतं आणि आतल्या खिळ्या, सांधे, कधी छाती हे कडक एबीएस प्लास्टिकचं. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात प्लास्टिसायझर (नरम करणारं तेलकट रसायन) घालतात, ते हळूहळू वर येत राहतं आणि इनॅमल किंवा सॉल्व्हंटवाल्या स्प्रेचा थर कधी पूर्ण वाळूच देत नाही. म्हणजे अजून महिनाभर उन्हात ठेवलीस तरी तसाच चिकट राहणार. तो रंग काढूनच टाक. आयसोप्रोपिल अल्कोहोल घे, कापसाची काडी आणि जुना टूथब्रश, थोडं थोडं घासत जा, एका बैठकीत निघणार नाही. थिनर किंवा नेलपेंट रिमूव्हर मात्र चुकूनसुद्धा लावू नको, त्यातल्या अॅसिटोननं एबीएस सरळ विरघळतं आणि सांधा गेला की फिगर गेली. मऊ पीव्हीसीवर पाण्याचे अॅक्रेलिकच चालवायचे, फेव्हिक्रिलचे किंवा कॅमलचे आपल्याकडं कुठल्याही स्टेशनरीत मिळतात, सुरुवातीला भारीचे मागवायची काही गरज नाही.

मग खोलायचं. डोकं ओढून काढायच्या भानगडीत पडू नको. कपात उकळतं पाणी घे, डोकं मिनिट-दोन मिनिटं बुडव, फडक्यानं धर आणि हलवत हलवत वर ओढ, पीव्हीसी गरम पाण्यात नरम पडतं पण आतली एबीएसची खिळी तेवढ्यानं नरम पडत नाही म्हणून ती शाबूत राहते. हात-पायांचंही तसंच. वाकडी झालेली तलवार सरळ करायलाही हेच, गरम पाण्यातून काढून सरळ धरायची आणि लगेच गार पाण्यात सोडायची. लहानपणीच्या पावणेचार इंची फनस्कूलच्या जी.आय.जो कुणाकडं असतील तर त्यांना पाण्याचीही गरज नाही, पाठीतला स्क्रू खोलला की सगळं सुटं होतं, आतलं काळं रबर तेवढं कुजलेलं असतं, त्या मापाची ओ-रिंग बघून टाकायची. सराव करायला असल्या फिगर लई छान.

सुटे भाग भांड्याच्या साबणानं धू. साच्यातून निघताना लागलेलं तेल पृष्ठभागावर असतं आणि जुन्या फिगरवर कुणाच्या तरी हाताचं असतंच. तुझं एम-सील निघालं त्यात एम-सीलचा दोष नाही, गुळगुळीत तेलकट प्लास्टिकला ते धरणार कशाला? धुऊन झालं की २२० किंवा ४०० नंबरच्या पॉलिश पेपरनं जागा खरबरीत कर, आणि मोठा भाग बसवायचा असला तर तिथं बारीक ड्रिलनं दोन-तीन छिद्रं पाड म्हणजे लगदा आत जाऊन पकड घेतो. कोरडं घासू नको, पाणी लावून घास आणि मास्क लाव, ती धूळ छातीत जायच्या लायकीची नाही. इपॉक्सी मळतानाही हातमोजे घाल, काहीजणांच्या कातडीला त्याची अॅलर्जी उठते आणि मग ती जात नाही.

आता आपल्या इकडच्या उन्हाळ्याचं. पुण्या-मुंबईचे लोक सांगतात एम-सील अर्धा तास हाताळता येतं, ते त्यांच्याकडं. परभणीला एप्रिल-मेमध्ये बेचाळीसच्या पुढं गेलं की ते हातातच आवळायला लागतं, कारण उष्णतेनं इपॉक्सी लवकर सेट होतं. म्हणून हरभऱ्याएवढेच गोळे मळ, दोन्ही भाग समसमान, रंग एकसारखा होईपर्यंत, आणि काम सकाळी लवकर उरक नाहीतर रात्री. मळलेलं उरलं तर प्लास्टिकमध्ये गुंडाळून फ्रीजरमध्ये टाक, सेट व्हायला उशीर लागतो (घरच्यांना सांगून ठेव मात्र, नाहीतर कणीक समजून कुणीतरी घेईल). भरावासाठी एम-सील चालतं पण नाक, ओठ, दाढी असल्या बारीक कामाला ते रवाळ पडतं, तिथं मिलिपुट किंवा ग्रीन स्टफ हे बारीक पोताचे इपॉक्सी लगदे लागतात, महाग आहे पण थोडंसंच लागतं.

पागोटं कसं करायचं ते नीट सांगतो कारण सगळी फिगर त्यावर उठून दिसते. आधी डोक्यावर व्हॅसलिनचा अगदी पातळ हात फिरव म्हणजे वाळल्यावर पागोटं टोपीसारखं काढता येईल. त्याच्याही आधी मूळ कोरलेले केस तासून टाक, नाहीतर डोकं भोपळ्याएवढं होतं, सहा इंची फिगरचं डोकं हनुवटीपासून जेमतेम दोन सेंटिमीटर असतं हे विसरू नको. एक छोटी गोल घुमटी बसव आणि ती पूर्ण कडक होऊ दे. दुसऱ्या दिवशी पावडर टाकलेल्या काचेवर लगद्याची पातळ पट्टी लाट, ब्लेडनं लांब लांब काप, आणि एकेक पट्टी कपाळाच्या एका बाजूवरून तिरपी वर नेत मागं दाबून टाक, पुढची पट्टी आधीचीवर अर्धी चढवायची. प्रत्येक पट्टीवर ओल्या सुईच्या टोकानं दोन-तीन लांब रेघा ओढ, एकसारख्या नकोत, काही मध्येच संपू दे. बोट किंवा हत्यार ओलं ठेव पण थेंब पडू देऊ नको, पाणी जास्त झालं की वरचा थर चिखल होतो आणि वाळून पापुद्रा निघतो.

बाहीचं आता तुझ्या लक्षात आलं असेल. सांध्यावरून सलग लगदा कधीच नाही न्यायचा. खांद्याचा वेगळा, दंडाचा वेगळा, मध्ये फट. आणि लगदा ओला असतानाच हात वर-खाली करून बघायचा, जिथं अडतो तिथं आत्ताच कापायचं. रंगाचंही तेच, सांध्यात दोन भाग एकमेकांना घासत असतील तर कुठलाही रंग टिकणार नाही, वरून कितीही वार्निश मार. काखेच्या आतली बाजू, कोपराची कड, गुडघ्याची खाच हे सगळं कानसनं थोडं थोडं कमी कर, रंगाच्या थराला जागा पाहिजे. सगळ्यात सोपी युक्ती म्हणजे मूळ फिगरच अशी निवडायची की तिचं प्लास्टिक आधीच तपकिरी आहे, मग कुठं घासलं गेलं तरी दिसत नाही. तुझी गुलाबी आहे, त्यामुळं तुला घासाघीस जास्त करावी लागणार.

मी तर म्हणतो बाह्या कोरूच नको. अंबरची जुनी चित्रं बघ, पांढरा लांब जामा, आतलं दिसेल इतका तलम. ते लगद्यात जमत नाही, ते कापडातच येतं. जुनी मलमलची ओढणी घे, धुऊन खळ काढ, जाडं कापड या मापाला ताडपत्रीसारखं उभं राहतं. आपल्याकडचा हिमरूचा तुकडा लावायचा मोह होईल पण त्याची वेलबुट्टी फिगरच्या अख्ख्या छातीएवढी येते, शेल्याला काठाची बारीक चिंधी चालेल फारतर. कडा शिवू नको, फेव्हिकॉलच्या पातळ पाण्यानं दुमडून चिकटव. जामा अंगावर चढवून पुन्हा तेच पाणी ब्रशनं लाव आणि चुण्या सुईनं पाडून वाळू दे, कारण एवढ्याशा कापडाला स्वतःचं वजनच नसतं, आपोआप खाली पडत नाही ते.

तलवार सरळ पात्याची धोप कर. बाद झालेलं एटीएम कार्ड घे, १:१२ च्या मापात एक मीटरची तलवार आठ-सव्वाआठ सेंटिमीटर होते आणि कार्ड साडेआठचं, बरोबर बसतं. कार्ड पाऊण मिलिमीटर जाड असतं म्हणून दोन्ही कडा भरपूर घासून पातळ कर. म्यान काळं करून त्यावर टूथपिकनं चंदेरी बुट्टे दे, बिदरीचं काम शोभेल त्याला.

आता चेहरा. काळी कातडी काळ्या रंगानं रंगवत नाहीत. बर्न्ट अंबर (गडद तपकिरी), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि चिमूटभर यलो ऑकर (मातकट पिवळा), हा पाया, पाणी घालून पातळ, तीन-चार हात. सावलीला याच मिश्रणात थोडा अल्ट्रामरीन निळा, डोळ्यांच्या खोबणीत, नाकाच्या बाजूला, ओठाखाली. उजेडाला पांढरा मिसळलास तर चेहऱ्याला राख फासल्यासारखी दिसते, त्याऐवजी ऑकर आणि किंचित नारिंगी, कपाळ, नाकाचा शेंडा, गालाचं हाड एवढ्यावरच. तळहात या पायाच्या मिश्रणापेक्षा उजळ. डोळ्यात शुद्ध पांढरा नको, थोडा तपकिरी मिसळलेला, त्यावर टूथपिकच्या टोकानं बुबुळ, दोन्ही बुबुळं लगोलग काढायची म्हणजे नजर तिरळी होत नाही, आणि वरच्या पापणीची गडद रेघ बुबुळाला किंचित झाकू दे, नाहीतर माणूस दचकलेला वाटतो. वय कुठलं दाखवायचं ते ठरव. १५४८च्या आसपासचा जन्म आणि १६२६ला गेला, म्हणजे १६१०ला खडकी (पुढचं औरंगाबाद) वसवली तेव्हाच साठी ओलांडलेली, दाढीत पांढरे केस पाहिजेतच. गूगलवरची तरणीताठी चित्रं बघून कामून करायलेत लोक काय माहीत.

शेवटी पाण्याचं मॅट वार्निश ब्रशनं लाव. स्प्रेचं वार्निश घेतलंस तर दुपारी मारू नको, आपल्या कोरड्या उन्हात ते हवेतच वाळतं आणि फिगरवर पांढरी भुकटी बसते.

आधी रंग काढून धुऊन घे आणि खांद्याचे दोन फोटो पाठव, हात वर केलेला आणि खाली सोडलेला, मग कानस कुठं चालवायची ते खूण करून देतो.